निम्मं सरपण

ऑक्टोबरातच मी घर आवरतं घेतलं, ओरेल.
वरच्या दोन खोल्यांना कड्या घातल्या,
दाराच्या फटीशी तुझी जुनी विजार,
पाय शिवून, आत नदीची वाळू भरून,
आडवी निजवली.
खिडक्यांवर प्लास्टिक ठोकलं. वारा आला की
ते पोट फुगवतं, मग सोडतं,
घरात आणखी कुणी श्वास घेतंय असं वाटतं
आणि खरं सांगते, बरं वाटतं.

जोत्याभोवती फरच्या फांद्या रचल्या,
तू रचायचास तशा, टोकं खाली.
त्यांवर बर्फ साचलं की तेच पांघरूण.
उणे एकतीसची रात्र बर्फच अडवतं,
हे दक्षिणेकडच्यांना सांगितलं तर हसतात.

तेलाची टाकी भरली नाही.
तेलवाला म्हणाला, यंदा पैसे आधी.
मी म्हटलं, मग यंदा तेल नंतर.

आता स्वयंपाकघर हेच घर.
पलंग, खुर्ची, रेडिओ, मी. रात्री पायाशी
फडक्यात गुंडाळलेली एक वीट.
प्लोय एकाच बाजूनं भाजते.
ते उलटायचे नसतातच,
पण आई म्हणायची, अर्धी आच वाचते म्हणून.
बटाटे राखेत पुरते. दोन ताटात,
दोन कोटाच्या खिशात, कोंबड्यांना दाणे टाकून येईपर्यंत.
आले की तेही खाते.
हात शेकलेला बटाटा वेगळा लागतो,
किंचित लोकरीसारखा.
भांड्यांचं पाणी संडासात. आंघोळ रविवारी, चर्चच्या आधी.
नळ तेवढा रात्रभर थेंब थेंब सोडते.
हीच काय ती उधळपट्टी,
पाइप फुटण्यापेक्षा स्वस्त.

दोन फेब्रुवारीला तुझी खाचांची काठी काढली.
मेणबत्त्यांच्या सणाला निम्मं सरपण, निम्मं गवत
उरलेलं हवं, हे इथं शेंबड्या पोरालाही पाठ.
सात खाचा हव्या होत्या.
पाच भरल्या.
पुन्हा मोजलं. हातमोजा काढून मोजलं,
जसं काही उघड्या बोटांना लाकडं जास्त सापडतात.

मी उधळी नाही, ओरेल.
मी एक काडी उभी चिरून दोनदा वापरणारी बाई.

मग राशीच्या मागल्या अंगाला माग दिसला:
घसरगाडीच्या दोन रेघा, मधे लहान बूट,
एक टाच झिजलेली. थेट ड्युमोंच्या पायरीपर्यंत.
लुसियें असणार. नऊ-दहाचा.
बाप कागदाच्या गिरणीतून नोव्हेंबरात घरी बसला,
धुराडं त्यांचं संध्याकाळीच काय ते धुरतं.

रात्रभर जागी होते. राग आला.
चांगला सणसणीत आला,
त्यानं थोडी ऊबही आली.

पहाटे मला दुसरंच सुचलं.
पोर बर्चची ओली लाकडं नेत होतं,
उचलायला हलकी दिसतात, पांढरी, गोंडस.
त्यांनी धुराडं काजळतं, आणि एके रात्री
काजळी पेटते, छपरासकट.
मॅपलचे ओंडके त्यांच्या शेगडीत शिरणार नाहीत.

कुऱ्हाड घेतली. मॅपल बारीक फोडलं,
त्याच्या खांद्याच्या उंचीवर रचलं,
आणि खिळ्याला कागद अडकवला:
डावीकडची घे. उजवीकडची ओली, धुराडं पेटेल.
दोनच. तिसरं माझं.

सही केली नाही.
पाच खाचा, त्यातून रोजची दोन.
एप्रिल गाठेल की नाही, हिशोब
मी अर्ध्यावर सोडला. पलंग
आणखी एक वीत चुलीकडे ओढला.

सकाळी डावीकडची दोन गेली होती.
ताडपत्री नीट ओढलेली, वाऱ्यानं उडू नये म्हणून
वर एक वीट. आमच्यातली नव्हे.

ती आत आणली, चुलीत ठेवली.
तिच्या जागी बर्चचा ओला ओंडका,
तेवढ्या कामाचा तो आहेच.

आज रात्री पायाशी दोन विटा.